गेंबुलचा उचललेला पाय

एयांग, म्हणजे माझी आजी, गेल्याच्या हजाराव्या दिवशी सकाळी साडेनऊला आमच्या अंगणात बाटिकच्या मेणाचा वास सुटला, आणि आमच्या घरात बाटिक कोणीच करत नाही. आम्ही कुंभार. आमच्या अंगणाला वास येतो तो ओल्या मातीचा, पेंढ्याच्या धुराचा आणि माझे थोरले मामा पाकदे गियार्तो यांच्या लवंगी सिगारेटचा. कापडावर मेणाची नक्षी काढणारे लोक नदीपलीकडे राहतात आणि वारा त्या दिवशी उलटा होता.

स्वयंपाकघरात माझी आई, म्हणजे ईबू मुर्नी, संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी तांदळाचे गोड आपेम करत होती. साठ माणसं, प्रत्येकी दोन. शेजारी बुदे पार्ती, म्हणजे पाकदेंची बायको, केळीची पानं पुसत बसली होती.

"मुर्नी, तुझं काही लागलं का तव्याला?"

"माझं लागलं असतं तर नारळाचा वास आला असता."

बुदेने नाक वर केलं. "नारळाचाही येतोय की."

हे मी नंतर दोघींकडून वेगवेगळं ऐकलं आणि दोघींच्या सांगण्यात फक्त आपेमचा आकडा जुळला नाही. मी स्वतः त्या वेळी मागच्या खोलीत, एयांगच्या टेबलासमोर उभी होते. टेबलावर मातीची गल्ली होती. डाव्या टोकाला मातीचं घर होतं, उजव्या टोकाला मातीची विहीर. कॅमेरा तिकाटण्यावर होता, वाडग्यात तांदूळ होते. गेंबुल नव्हता.

गेंबुल म्हणजे मातीचा बाहुला, पाण्याच्या केंदीच्या, म्हणजे तोटीच्या सुरईच्या आकाराचा. सुटलेलं पोट, तोटीचं नाक, काळ्या मण्यांचे डोळे आणि खाली दोन आखूड पाय. एयांग लास्मीने त्याला चाळीस वर्षं चालवलं. तिची रीत अशी : त्याला तांदळाच्या दाण्याएवढा हलवायचा, हात बाजूला घ्यायचा, कळ दाबायची. एक चित्र झालं. मग वाडग्यात खरोखरचा एक तांदूळ टाकायचा, म्हणजे मोजणी चुकत नाही. पुन्हा दाण्याएवढा हलवायचा. बारा दाण्यांचा एक सेकंद होतो. तिचा पहिला सिनेमा तीन मिनिटांचा होता आणि त्याला चौदा महिने लागले.

तिला हे सुचलं कुठे, ते आमच्या घरात लहान पोरंही सांगतील. गावच्या मैदानात पडदा बांधून सिनेमा चालला होता, पाकदे तेव्हा तिच्या कडेवर होते, आणि मधेच फीत अडकून जळाली. यंत्रवाल्याने जळका तुकडा कापून फेकला. सगळं गाव ओरडत होतं आणि एयांग तो तुकडा कंदिलासमोर धरून बघत बसली. एकच माणूस अकरा वेळा, दर वेळी पाय जरासा वर. "म्हणजे हा चालतच नाहीये," ती म्हणाली, "याला कुणीतरी चालवतंय." नंतर योग्या शहरातल्या एका लग्नाच्या फोटोवाल्याला साठ कुंड्या देऊन तिने पहिला कॅमेरा घेतला. आमची नुसती माती दिव्यांच्या उष्णतेने तडकायची, म्हणून तिने स्वतःचं मिश्रण शोधलं. आणि मग दर रविवारी सकाळी देशभरच्या टीव्हीवर गेंबुल चालू लागला. जकार्ताहून सिनेमा शिकणारी मुलं यायची, मिश्रण विचारायची. एयांग त्यांना चहा द्यायची, तळलेला कसावा द्यायची आणि बसस्टँडपर्यंत पोचवायची.

ती गेली तेव्हा शेवटच्या सिनेमाचे चाळीस दाणे उरले होते. मी तेरा वर्षांची होते आणि वाडग्यात तांदूळ टाकायचं काम माझं होतं.

"वेनिंग, अजून चाळीस. मग झालं."

"कुठे चाललाय तो?"

"पाय टेकला की कळेल."

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. तेव्हापासून गेंबुल एका पायावर उभा होता, उजवा पाय हवेत. कुठे चालला होता यावर आमच्याकडे तीन वर्षं वाद आहे. ईबू म्हणते, विहिरीवर. बुलिक एंदाह, ईबूची धाकटी बहीण, म्हणते, विहिरीच्याही पुढे, शहरात. बुदे म्हणते, म्हातारीलाच माहीत नव्हतं.

बुलिक स्वतः जकार्ताला असते. तिथल्या एका सिनेमाच्या संग्रहालयाला गेंबुल हवा होता आणि ती आज त्याच्या मापाची पेटी घेऊन येणार होती. मी फोनवर तिच्याशी भांडून भांडून एक दिवस मिळवला होता. "ठीक आहे," ती म्हणाली होती, "दहा ते चार टेबल तुझं. तुझी चाळीस चित्रं काढ. चारला तो पेटीत." पाकदेंना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नव्हते. आणि पाकदे बोलले नाहीत म्हणजे कबूल झाले, असं आमच्या घरात फक्त जकार्ताला राहणाऱ्या माणसालाच वाटू शकतं.

*

पाकदे पहाटेची प्रार्थना आटोपून सरळ मागच्या खोलीत गेले होते.

चाळीस वर्षांत त्यांनी गेंबुलला बोट लावलं नव्हतं. माती मात्र त्यांचीच. दर महिन्याला एक टोपलं, तीनदा वस्त्रगाळ केलेलं, ते सिंबोकच्या दाराबाहेर ठेवायचे. सिंबोक ही तिघा भावंडांची आईला हाक. लहानपणी ते त्याच दाराबाहेर बसून आतल्या कळीचे आवाज मोजायचे. दार बंद असायचं, कारण उघडलं की उजेड हलतो आणि चित्र बिघडतं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिने कधी आत बोलावलं नाही, यांनी कधी विचारलं नाही.

आज संध्याकाळी तिच्या थडग्यावर दगड बसवायचा होता. पाकदेंचे वडील म्हणत, घरात कच्चं मडकं ठेवून कुंभाराचा हजारावा दिवस करू नये. कच्चं राहिलं ते पावसात पुन्हा चिखल होतं, मग ते घडवलंच कशाला? आणि सिंबोकचं शेवटचं मडकं तर समोर एका पायावर उभं होतं, कच्चं. एंदाह ते तसंच नेऊन काचेत ठेवणार होती. पाकदेंना त्याची लाज वाटली. एकदा नीट भाजून घेतलं की थडग्याच्या उशाशी ठेवता येईल, मग एंदाहने काय बोलायचं ते बोलावं.

त्यांनी टेबलाखाली हात घालून चाचपून, पाय टेबलाला धरून ठेवणारी तारेची खुंटी ओढली आणि गेंबुलला केळीच्या पानात गुंडाळलं. हाताला तेलकट लागलं. भेगा पडू नयेत म्हणून सिंबोक वरून खोबरेल चोळत असणार, असं त्यांना वाटलं. भट्टीत त्याला पेंढ्याची झळ थेट लागू नये म्हणून त्यांनी तो झाकणाच्या मडक्यात ठेवला, मडकं कुंड्यांच्या मधोमध ठेवलं आणि खाली मंद आच केली. त्या झाकणाच्या मडक्याचा त्यांना जरा अभिमानच वाटला होता. हे त्यांनी मला तीन पेले चहानंतर कबूल केलं.

*

बुलिक टॅक्सीतून उतरली ती पेटी हातात धरून अंगणाच्या मधोमध थांबली. तिला तो वास ओळखायला वेळ लागला नाही. त्या वासासरशी ती आठ वर्षांची झाली, असं ती म्हणते, आणि तिच्या हातात बादली आली.

"कांग," तिने थोरल्या भावाला हाक मारली. सलाम नाही, काही नाही. "भट्टीत काय आहे?"

"कुंड्या."

"आणि?"

"आणि सिंबोकचा तो."

"तो कोण?"

"तोच. पोटवाला."

मी तेव्हाच धावत बाहेर आले. "पाकदे, टेबलावर..." एवढं म्हणून मी भट्टीकडे बघितलं.

"भाजतोय," पाकदे मला म्हणाले, अगदी मायेने. "संध्याकाळपर्यंत पक्का होईल. मग शंभर वर्षं बघायला नको."

"कांग, त्यात मेण आहे."

"माझ्या मातीत मेण कुठून येईल?"

"मी आणून दिलेलं. नदीपलीकडून, वापरून टाकलेलं, बादलीने. दर शनिवारी मी कुठे जात होते असं वाटायचं तुला?"

"खेळायला."

"मला या घरात कुणी खेळायला पाठवलं असतं तर मी जकार्ताला कशाला गेले असते?"

पाकदे भट्टीकडे वळले. त्यांनी आकडी घेतली, भट्टीचं तोंड फोडलं, चार चांगल्या कुंड्या फुटल्या त्यांच्याकडे बघितलंही नाही, आणि गोणपाटाने धरून मडकं बाहेर काढलं. झाकण उचललं.

आत तपकिरी, चकचकीत रस्सा होता. त्यातून वाकड्या तारा वर आल्या होत्या, आणि गेंबुलचे डोळे, ते दोन काळे मणी, कडेला लागून एकमेकांकडे बघत होते.

पाकदेंवर रागवायचा मान या घरात फक्त बुदेचा. ती स्वयंपाकघराच्या दारातून आली, मडक्यात डोकावली आणि एक शब्द न बोलता माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

"आता मी त्यांना काय देऊ?" बुलिकने फोन काढला. "मडकं देऊ? सांगू, आमच्या भावाने आमटी केली? चाळीस वर्षं, कांग. अख्ख्या देशातली पोरं रविवारी लवकर उठायची त्याच्यासाठी. तू विचारत कधीच नाहीस. तुला माती दिसली की भाजायची, एवढंच कळतं."

"कुंभाराला तेवढंच कळतं," पाकदे म्हणाले.

मला खरं तर बुलिकच्या बाजूने असायला हवं होतं. चाळीस दाणे माझे गेले होते. पण पाकदे गोणपाट हातात धरून उभे होते, हात भाजलाय हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि मला वाटलं, अजून एक वाक्य बोललीस ना बुलिक, तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

ते वाक्य बुलिकला बोलताच आलं नाही, कारण मधे ईबू बोलली. माझी ईबू भांडणात कधी बोलत नाही. ती भांडण चालू असताना जास्तीचा भात टाकते.

"एंदाह, फोन ठेव." ईबूने मडक्यावर वाकून वास घेतला. मग बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं. "हे माझं खोबरेल आहे. पंदनची वासाची पानं घालून कढवलेलं. सिंबोक दर महिन्याला एक बाटली मागायची. मला वाटायचं, गुडघ्यांना लावते."

तिघं भावंडं मडक्याभोवती उकिडवी बसली होती. खाली माती बसत होती, पाकदेंची. वर मेण तरंगत होतं, बुलिकचं. तेल ईबूचं. ज्या मिश्रणासाठी जकार्ताची पोरं तीस वर्षं चहा पिऊन परत गेली, ते या तिघांमध्ये तीन तुकड्यांत पडून होतं. आणि यांनी एकमेकांना कधी साधं विचारलं नव्हतं की तू तिला काय देतोस.

"किती मेण, टोपल्यामागे?" पाकदेंनी अखेर विचारलं.

"अर्धी बादली."

"मुर्नी?"

"बाटली. मोठी नाही, सॉसची असते ती."

पाकदेंनी बांबूची काडी घेऊन तळ ढवळायला सुरुवात केली. काडी कशावर तरी आपटली. टक्क.

"दगड?" मी विचारलं.

त्यांनी काडीने ते कडेला आणलं, पानाने धरून उचललं, कमरेच्या सारोंगला पुसलं. मुठीएवढं भाजलेलं मडकं होतं. आधीच भाजलेलं, म्हणून त्याला काही झालं नव्हतं. अगदी वेडंवाकडं, एका बाजूला कललेलं, आणि काठावर एक अंगठा खोलवर दाबलेला, लहान अंगठा.

"पोट हलकं राहावं म्हणून घातलं असेल आत," बुदे म्हणाली. "भरीव माती एका पायावर उभी राहील थोडीच."

"ही मिठाची मडकी आहे," पाकदे म्हणाले.

"काय?"

"मिठाची. मी केलेली. सहा वर्षांचा होतो. माझी भट्टीतली पहिली. सिंबोक तिच्यात मीठ ठेवायची. एक दिवस फळीवर नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, कामाला आली." त्यांनी मडकं हातात फिरवलं. "मला वाटलं, कुटून मातीत घातली. फुटक्या खापऱ्या घालतात तशी. मी पुन्हा विचारलं नाही."

त्यांनी त्या काठावरच्या खड्ड्यात अंगठा ठेवून बघितला. अर्धाच गेला.

बुलिकने वाकून तो अंगठा बघितला. मग म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं तू आत होतास, आणि बाहेर बसून तोंड पाडत होतास."

पाकदे हसले नाहीत, पण त्यांनी सिगारेट उलट्या बाजूने पेटवली, आणि ते बघून बुदेला हसू आवरेना.

*

साडेअकरापर्यंत मिश्रण निवलं. पाकदेंनी ते मळलं, पोळीच्या भिजवलेल्या कणकेसारखं मऊ येईपर्यंत, आणि तारा सरळ करून, मिठाचं मडकं मध्ये ठेवून त्याच्याभोवती गेंबुल घडवला. पंधरा मिनिटं. एयांगला दोन दिवस लागायचे. मी त्याला मणी बसवले.

बुलिक कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावरचं शेवटचं चित्र आणि हा, असं आळीपाळीने बघत होती. "नाक उजवीकडे गेलंय. पोट मोठं आहे. जुन्या चित्राला नवं लागलं की धक्का दिसणार, वेनिंग. लोकांना कळणार."

पूर्वी मी अशा वेळी ईबूकडे बघितलं असतं. "कळू दे," मी म्हणाले. "चारपर्यंत टेबल माझं आहे."

बुलिकने घड्याळ बघितलं. "पाचपर्यंत," ती म्हणाली. "संग्रहालयाला मी सांगेन पुढच्या महिन्यात या म्हणून."

खुंटी खालून बसवायची होती. पाकदे बॅटरी घेऊन पाठीवर झोपून टेबलाखाली सरकले. सकाळी त्यांनी नुसतं चाचपलं होतं, बघितलं नव्हतं. तीन वर्षांत खाली कुणीच बघितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. जे काय ते वर घडतं, असंच आम्हाला वाटायचं.

"वेनिंग, भोकं किती असायला हवीत?"

"जिथे जिथे पाय टेकला तितकी. प्रत्येक पावलाला एक."

"पुढचीही आहेत."

"पुढची कशी असतील? पुढे तो गेलाच नाही."

"पाडून ठेवलीत. वरून मातीने बुजवलीत, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत. पाच आहेत."

चाळीस दाणे, एका पावलाला आठ. मी मनात भागाकार केला. "विहिरीकडे जातात?"

बॅटरीचा उजेड फळीच्या फटीतून हळूहळू सरकत होता, आणि तो चुकीच्या बाजूला सरकत होता.

मी खाली घुसले. मग जकार्ताची पँट घालून बुलिक घुसली. मग हाताचं पीठ झटकत ईबू. बुदे गुडघ्यांमुळे वरच राहिली आणि म्हणाली, मला नीट सांगा. आम्ही चौघं पाठीवर झोपून वर बघत होतो. पहिलं भोक गेंबुलच्या उजवीकडे, तिरकं. दुसरं त्याच्याही मागे. तिसऱ्यापर्यंत त्याची पाठ विहिरीकडे झालेली. चौथं घराजवळ. पाचवं मातीच्या घराच्या उंबऱ्याच्या आत.

"परत जातोय," ईबू म्हणाली.

"घरी?" बुलिकने विचारलं.

"दुसरं काय आहे तिथे."

"मग निघाला कशाला होता?" बुदेने वरून विचारलं.

ईबू आधी बाहेर सरकली. पण बुलिक ते पाचवं भोक बोटाने चाचपत राहिली, बाकीचे बाहेर आले तरी.

खुंटी बसली. मी वरून पहिलं भोक टाचणीने मोकळं केलं आणि कॅमेऱ्यामागे गेले. पाकदे टेबलासमोर उभे राहिले. रोज दीडशे कुंड्या उतरवणारे हात त्यांनी सारोंगला तीनदा पुसले.

"किती हलवू?"

"एक तांदूळ."

त्यांनी दोन बोटांनी गेंबुलचा उचललेला पाय धरला आणि श्वास रोखून, एका दाण्याएवढा, उजवीकडे वळवला.

"हात बाजूला, पाकदे."

त्यांनी हात मागे घेतले, पाठीशी बांधले. मी कळ दाबली.

"झालं?"

"झालं. आता पुन्हा."

"तेवढंच?"

"तेवढंच."

"चाळीस वर्षं ती हेच करत होती?"

"हेच."

पाकदेंनी पिशवीतून एक तांदूळ घेतला, उजेडात धरून बघितला आणि वाडग्यात टाकला. मग खोलीत नजर फिरवली. ईबू खाटेच्या कडेवर बसली होती. बुलिक अजून टेबलाखालीच होती. बुदे दारात उभी होती आणि तिच्या मागून ऊन आत येत होतं.

"आत ये आणि दार लोट," ते तिला म्हणाले. "उजेड हलतोय."